नळी कधी काढायची? तीन बोटं गमावलेल्या डॉक्टरची गोष्ट

अमरावतीचं इर्विन असो की अकोल्याचं सर्वोपचार, ऑपरेशन आटोपलं की भूलतज्ज्ञ पेशंटला हाका मारतो. डोळे उघडायला, मान उचलायला सांगतो. जमलं, की बहुतेकदा तेव्हाच घशातली नळी निघते. काम झालंय, तर एवढं थांबायचं कशाला? हे समजायला आर्थर गुडेलपाशी जावं लागतं.

जन्म १८८३, अमेरिकेतलं इंडियाना. घरची गरिबी, १३व्या वर्षी शाळा सुटली आणि अपघातात उजव्या हाताची तीन बोटं गेली. तरी गडी पियानो शिकला आणि १९०८ मध्ये डॉक्टरही झाला.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींची रीघ आणि भूल देणारे मोजकेच. गुडेल मोटरसायकलवरून एका इस्पितळातून दुसऱ्यात पळायचा. नर्स आणि मदतनिसांना त्याने इथर द्यायला शिकवलं. श्वास, बुबुळांची हालचाल, बाहुली बघून भूल किती खोल गेली ते ओळखायचा तक्ता करून दिला. त्यात चार टप्पे.

गोम दुसऱ्या टप्प्यात आहे. शुद्ध नाही, पण शरीर उधळलेलं. जाग येताना पेशंट याच वाटेने परततो. नेमकी तिथे नळी ओढली तर स्वरयंत्र गच्च मिटू शकतं, हवा आत जातच नाही. इथर गेलं, औषधं बदलली, हा धोका राहिला. म्हणून नळी एकतर गाढ भुलेत, पेशंट स्वतः नीट श्वास घेत असताना काढतात, नाहीतर पुरती शुद्ध आल्यावर. गाढ भुलेत खोकला कमी येतो, पण उलटी फुफ्फुसात जायची भीती असते. पोट भरलेलं असेल तर शुद्धीचीच वाट बघायची.

ही उलटी अडवायला नळीभोवती रबरी फुगा हवा, यासाठीही गुडेलने घरी खाटकाकडच्या श्वासनलिकांवर प्रयोग केले. १९२८ मध्ये राल्फ वॉटर्ससोबत ते छापले. डॉक्टरांना पटावं म्हणून चक्क कुत्र्याला भूल देऊन, नळी घालून पाण्यात बुडवलं! (आज कोणी करू देणार नाही.) नंतर नळी काढली, कुत्रं उठलं, अंग झटकलं. त्याचं नाव एअरवे.

आता नळी काढण्याआधी फुग्यातली हवा सिरिंजने ओढून घेतात, नाहीतर स्वरतंतू दुखावतात.

गुडेल १९५६ मध्ये गेला. जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात ठेवतात ती वाकडी प्लास्टिकची नळी आजही गुडेल एअरवे म्हणूनच मागवली जाते.