नांदायला नाही, शिकायला जायचंय : डॉ. रखमाबाई



मुलीने काय शिकायचं, कुठे राहायचं, कोणासोबत संसार करायचा हे आजही बऱ्याच घरांत मोठी माणसंच ठरवतात. मग दीडशे वर्षांपूर्वी काय परिस्थिती असेल, विचार करा! त्या काळात एका मुलीने हे सगळं स्वतः ठरवायचं धाडस केलं. तिचं नाव रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्या लहान असतानाच वडील वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. डॉक्टर सुधारक विचारांचे होते, वनस्पतिशास्त्राचेही जाणकार होते. तरीही रूढी किती घट्ट असते बघा, अशा घरातल्या मुलीचंही लग्न अकराव्या वर्षी लावलं गेलं. नवऱ्याचं नाव दादाजी भिकाजी. लग्नानंतर रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि घरीच वाचत, शिकत राहिल्या. दादाजींना मात्र शिक्षणात रस नव्हता.

काही वर्षांनी दादाजींनी तिला नांदायला बोलावलं. तिने स्पष्ट नकार दिला. ज्या वयात काही कळत नव्हतं त्या वयात लावलेलं लग्न मला बांधून ठेवू शकत नाही, असं तिचं म्हणणं होतं. १८८४ मध्ये दादाजी कोर्टात गेले. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पण पुढे अपील झालं, पुन्हा सुनावणी झाली आणि मार्च १८८७ मध्ये निकाल फिरला. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली! तेव्हा त्या फक्त बावीस वर्षांच्या होत्या.

समाज खवळला. लोकमान्य टिळकांसारखे मोठे नेतेही त्यांच्या बाजूचे नव्हते. बेहरामजी मलबारींसारखे काही सुधारक तेवढे पाठीशी राहिले. ज्यांचा आधार होता ते डॉ. सखाराम अर्जुन तर १८८५ मध्येच वारले होते. तरी रखमाबाई मागे हटल्या नाहीत. वर्तमानपत्रात टोपणनावाने पत्रं लिहून त्यांनी बालविवाहाचे दुष्परिणाम लोकांसमोर मांडले. शेवटी १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई मोकळ्या झाल्या.

पण फक्त नाही म्हणून त्या थांबल्या नाहीत. डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने त्या इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाल्या. परत येऊन सुरत आणि नंतर राजकोट इथे त्यांनी अनेक वर्षं स्त्रियांवर उपचार केले. इकडे १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा झाला आणि मुलींचं संमतीवय दहावरून बारा झालं. त्या कायद्यामागच्या चर्चेत रखमाबाईंच्या खटल्याचा मोठा वाटा होता. १९५५ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर त्यांचं निधन झालं.

या चरित्रातून मुलांना धाडस शिकवता येईल, ते शिकवाच. पण आपल्यासाठीही यात एक धडा आहे. लग्न लावून देणारं घर तेच होतं आणि मुलगी नाही म्हणाल्यावर तिच्या पाठीशी उभं राहणारं घरही तेच. आपण मुलांसाठी घेतलेला एखादा निर्णय चुकू शकतो. मूल तसं सांगू लागलं की आपण त्याला उलट उत्तर देणारं, हट्टी ठरवून मोकळे होतो. रखमाबाईही तेव्हाच्या लोकांना हट्टीच वाटल्या होत्या, नाही का?

वर्गात ही गोष्ट सांगून झाली की मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : तुमच्या मनातली अशी कोणती गोष्ट आहे, जी घरी सांगायची भीती वाटते? उत्तरं वहीत लिहू द्या, सर्वांसमोर वाचायची सक्ती नको. आणि पालकहो, असं उत्तर घरी आलंच, तर आधी पूर्ण ऐकून घ्या.