बालकांचा संगीतकार रॉबर्ट शूमान

लकडगंजातील लाकडाच्या वखारीत आलेला ओंडका करवतीने कापावा लागतो, रंध्याने तासावा लागतो. तेव्हाच त्याची चौकट होते. बालकाच्या बोटांविषयीही पुष्कळ पालकांची अशीच समजूत असते की, जितके तासावे तितकी ती वळणावर येतील. परंतु बालकाचा हात म्हणजे ओंडका नव्हे. ही गोष्ट ज्याच्या चरित्रावरून उत्तम रीतीने ध्यानात येते, त्या जर्मन संगीतकाराची ओळख आम्ही आमच्या वाचकांस करून देत आहो.

रॉबर्ट शूमान याचा जन्म ८ जून १८१० रोजी सॅक्सनीतील झ्विकाउ या गावी झाला. त्याचा पिता पुस्तकविक्रेता व प्रकाशक होता. त्यामुळे ग्रंथ आणि पियानो या दोहोंची गोडी मुलास लहानपणीच लागली. १८२६ मध्ये पित्याचे छत्र हरपले. पुत्राने वकील व्हावे अशी मातेची इच्छा होती, म्हणून १८२८ मध्ये तो लाइपझिग येथे कायदा शिकावयास गेला. परंतु त्याचे चित्त कायद्यात रमेना. अखेर १८३० मध्ये मातेची संमती मिळवून तो फ्रीडरिख वीक या नामांकित पियानो-शिक्षकाच्या घरी विद्यार्थी म्हणून राहिला.

वीकची कन्या क्लारा त्या वेळी अवघी अकरा वर्षांची होती. पण सभागृहात वादन करून ती लोकांकडून वाहवा मिळवू लागली होती. शूमान मात्र विशीत पोहोचला होता. मागे पडल्याची भरपाई त्वरेने करावी, या उतावळेपणाने त्याने बोटांस बळ आणण्याकरिता एका यांत्रिक साधनाचा अवलंब केला. १८३२ च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताचे मधले बोट निकामी झाले. या व्याधीच्या खऱ्या कारणाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि यंत्राने बोट सुधारले नाही, आणि थोर वादक होण्याची त्याची आशा मावळली, एवढे निश्चित होय.

वादन सुटले, तेव्हा तो रचनेकडे वळला. मुलांशी खेळणे हा त्याचा आवडता छंद होता. वीकच्या मुलांस तो भुताखेतांच्या गोष्टी सांगे, कोडी घाली. पुढे क्लारेच्या पित्याचा विरोध न्यायालयात मोडून काढून, १२ सप्टेंबर १८४० रोजी त्याने तिच्याशी विवाह केला. त्यांस आठ अपत्ये झाली.

थोरली मुलगी मारी पियानो शिकू लागली, तेव्हा मुलांकरिता मिळणारे धडे किती नीरस असतात हे या दांपत्यास दिसून आले. १ सप्टेंबर १८४८ रोजी मारीस सात वर्षे पूर्ण झाली. त्या वाढदिवसाची भेट म्हणून शूमानने काही चिमुकल्या रचना केल्या, आणि थोड्याच आठवड्यांत त्रेचाळीस रचनांचा एक संग्रह सिद्ध झाला. तोच पुढे मुलांचा संग्रह म्हणून जगभर प्रसिद्धी पावला.

या संग्रहातील युक्ती ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्या घरच्या हातपेटीवर उजवा हात स्वर वाजवितो व डावा भाता हलवितो. पियानोवर मात्र दोन्ही हातांस सारखेच काम असते, आणि नवशिक्याचा डावा हात नेहमी मागे राहतो. शूमान याबद्दल उपदेश करीत नाही. तो एक बेफाम घोडेस्वार मुलापुढे उभा करतो. घोड्याच्या टापांसारखे तुटक, चपळ स्वर प्रथम उजव्या हातात येतात, मग डाव्या हातात जातात व पुन्हा उजव्या हातात परततात. दुसऱ्या एका रचनेत शेतावरून आनंदाने परतणारा शेतकरी गातो. त्याचे गाणे डाव्या हाती दिले असून उजवा हात बहुतांशी साथ करतो. मुलाच्या मनी घोडा व शेतकरी असतो; बोटांचा व्यायाम मात्र पुरेपूर घडतो.

१८५३ मध्ये त्याने आपल्या तीन मुलींकरिता तीन सोनाटा रचले. तरुण संगीतार्थ्यांकरिता त्याने काही नियमही लिहिले. मुक्या पट्ट्यांवर बोटे घासण्यात अर्थ नाही, तर कानाने ऐकावे, गळ्याने गावे, इतरांसह समूहात गावे, असा त्यांचा सारांश आहे.

त्याचे अखेरचे दिवस दुःखाचे होते. मानसिक व्याधीने ग्रासल्यामुळे १८५४ मध्ये त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. लोकांनी त्यास वाचविले. परंतु बॉन शहराजवळील रुग्णालयात २९ जुलै १८५६ रोजी त्याचा अंत झाला. क्लारेने जाहीर वादन करून कुटुंबाचा भार वाहिला.

पालकहो, खेळ म्हणजे श्रमांतून सुटका, असा याचा अर्थ नव्हे. ज्या खेळात शिकावयाची नेमकी अडचणच दडलेली नाही, तो नुसता करमणुकीचा खेळ होय. आपले मूल पेटीवर स्वरांचे पलटे घोटताना कंटाळले, तर त्यास दरडावण्यापूर्वी तोच पलटा घोड्याच्या दुडक्या चालीने, मग पावसाच्या थेंबांप्रमाणे, मग हत्तीच्या पावलांनी वाजवून पाहण्यास सांगावे. पलटा तोच राहील; परंतु जे मूल दोनदा वाजवून उठत होते, ते कदाचित दहादा आपण होऊन वाजवील. आणि विद्यार्थी मित्रहो, घोड्यावर बसावयाचे तर लगामही आपल्याच हाती ठेवावा लागतो, हे विसरू नका.