एक्स्प्लेनर : भूत नाही, तरी थरकाप उडवणारी मराठी कादंबरी, पारोळ्यात जन्मलेले ह. ना. आपटे कोण होते?

शिंदखेडा : शिंदखेड्याहून धुळेमार्गे जळगावकडे निघाले की वाटेत पारोळा लागते. हे गाव बहुतेकांना माहीत असते ते भुईकोट किल्ल्यामुळे आणि झाशीच्या राणीच्या सासरच्या नेवाळकर घराण्यामुळे. मराठी कादंबरीला वळण लावणारे हरी नारायण आपटे यांचा जन्मही याच गावचा. तारीख ८ मार्च १८६४. तेव्हा पारोळा अखंड खानदेश जिल्ह्यात होते आणि देशावर व्हिक्टोरिया राणीचा अंमल होता. इंग्लंडमध्ये त्या काळी गॉथिक, म्हणजे गूढ-भीतीच्या कथा जोरात खपत होत्या. हरिभाऊंनी त्या कथांतली भीती घेतली आणि भूत वगळले. ते कसे, हे समजून घेऊया.

गॉथिक कथा म्हणजे नेमके काय?

जुना वाडा, बंद खोली, घराण्याचे दडवलेले पाप आणि त्यात अडकलेली बाई, हा गॉथिक कथेचा ठरलेला साचा. सुरुवात १७६४ मधल्या होरेस वॉलपोलच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'पासून मानतात. व्हिक्टोरियाच्या काळात ही भीती पडक्या किल्ल्यातून निघून लोकांच्या राहत्या घरात आणि शहरात आली. शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर' (१८४७) मध्ये नवऱ्याने माळ्यावर कोंडलेली बायको आहे. स्टीव्हन्सनच्या 'जेकिल अँड हाइड' (१८८६) मध्ये दिवसा सभ्य असणारा डॉक्टर रात्री राक्षस होतो. घरातली सत्ता कुणाकडे आणि प्रतिष्ठेच्या पडद्याआड काय चालते, हे प्रश्न या कथा विचारत होत्या.

हरिभाऊ कसे घडले?

आई लहानपणीच गेली. मुंबई आणि पुण्यात ते वाढले. काका महादेव चिमणाजी आपटे नामांकित वकील. संस्कृत ग्रंथांसाठी पुण्यात १८८८ मध्ये आनंदाश्रम ही संस्था स्थापणारे तेच. पुढे हरिभाऊंनी आयुष्यभर या संस्थेचा कारभार पाहिला.

१८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. तिथे चिपळूणकर, टिळक, आगरकर हे त्यांचे शिक्षक. कॉलेजात गणित आड आले आणि पदवी राहिली ती राहिलीच. इंग्रजी वाचन मात्र अफाट. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर केले, तेव्हा या विद्यार्थ्याने आपल्याच शिक्षकाच्या पुस्तकावर लांबलचक, परखड परीक्षण लिहिले.

लंडनचे 'रहस्य' पुण्यात कसे आले?

त्या काळी भारतात जी. डब्ल्यू. एम. रेनल्ड्स (१८१४-१८७९) हा इंग्रज लेखक प्रचंड वाचला जाई. एका पेनीच्या साप्ताहिक अंकांतून तो लंडनची काळी बाजू रंगवायचा. लांडगा होणाऱ्या माणसाचीही त्याची एक कादंबरी आहे. हाच लेखक कामगारांना मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीतही होता.

हरिभाऊंची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) रेनल्ड्सच्या 'मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन'वर आधारलेली. 'पुणे वैभव' पत्रातून ती क्रमशः आली. लंडनच्या जागी पुणे आले. जुने सुटले आणि नवे नीट पचले नाही, अशा शिकलेल्या वर्गाची घसरण तिने दाखवली. त्याआधी 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) यांसारख्या अद्भुत कादंबऱ्यांची चलती होती. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) विधवांच्या हालांवर होती, पण तो रस्ता पुढे फारसा कुणी धरला नव्हता.

'पण लक्षात कोण घेतो'मध्ये भीती कसली?

१८९० मध्ये हरिभाऊंनी 'करमणूक' साप्ताहिक काढले. ते १९१७ पर्यंत चालले. त्यातच 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः छापून आली. आजच्या वेब सिरीजप्रमाणे पुढच्या भागासाठी आठवडाभर थांबावे लागे.

ही यमूची कहाणी आहे, आणि ती यमू स्वतःच सांगते. बालपण, लवकर झालेले लग्न, सासर, नवऱ्याबरोबर मुंबईत मिळालेले थोडे मोकळे दिवस, मग वैधव्य. त्यानंतर तिच्या इच्छेविरुद्ध केशवपन. घर तेच, माणसे ओळखीची, देवघरात दिवाही लागलेला. तिला छळणारे शंकरमामंजी घरातलेच, वरून धार्मिक. गॉथिक कथेतला वाडा, अडकलेली बाई, सभ्य मुखवट्यामागचा क्रूर माणूस असे सगळे इथे आहे. फक्त कुठलाही मांत्रिक हे संकट उतरवू शकत नाही, कारण ते रूढीने आणलेले आहे. भुताची गोष्ट मिटवून वाचक निवांत झोपू शकतो. इथे पुस्तक मिटले तरी शेजारच्या घरातली यमू तशीच राहते.

तेव्हा बाहेर काय चालले होते?

• १८५६ : विधवेला पुनर्विवाहाची मुभा देणारा कायदा. केशवपनाबद्दल त्यात काही नव्हते.
• १८८९ : पंडिता रमाबाईंचे शारदा सदन मुंबईत सुरू, पुढच्या वर्षी पुण्यात.
• १८९० : नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांचा विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार.
• १८९१ : संमतिवयाचा कायदा, मुलींसाठी वय १० वरून १२. पुण्यात मोठा वाद.
• १८९३ : धोंडो केशव कर्वे यांचा विधवेशी विवाह.

सभांत आणि वर्तमानपत्रांत शास्त्रार्थ चालू होता. ज्या मुलीबद्दल हे भांडण होते, तिला काय वाटते हे त्या शास्त्रार्थात येत नव्हते. हरिभाऊंनी तिलाच बोलायला लावले. एका कादंबरीने रूढी बदलत नाही आणि ही बदललीही नाही. पण 'आमच्या घरात असे काही नाही' म्हणणे अवघड झाले.

मर्यादा कोणत्या?

हरिभाऊंचे जग मुख्यतः पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा, ब्राह्मण घरांचे. जन्म खानदेशचा, पण इथला शेतकरी, भिल्ल, मजूर त्यांच्या मोठ्या कादंबऱ्यांत जवळपास नाही. दुष्काळावरची 'काळ तर मोठा कठीण आला' ही त्यांची कथा मात्र गरिबाच्या उपासमारीला थेट भिडते. पाल्हाळाचा आक्षेपही त्यांच्यावर घेतला जातो, आणि अनेक कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या.

पुढे काय झाले?

'मी', 'यशवंतराव खरे' या सामाजिक आणि 'उषःकाल', 'वज्राघात' या ऐतिहासिक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते. १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ३ मार्च १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पुस्तकांवरील स्वामित्व हक्काची मुदत केव्हाच संपली आहे. ती कुणीही छापू शकतो, मोबाइलवर आणू शकतो. सुरुवात करायची तर 'पण लक्षात कोण घेतो'पासून करावी. पहिली काही पाने संथ वाटतील. यमू सासरी गेली की मग पुस्तक खाली ठेववत नाही.