पहिली बुद्धिबळ जगज्जेती : व्हेरा मेंचिक

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडूपासून फार दूर नसलेल्या पूवनूरच्या शिवमंदिराची आख्यायिका अशी, की बुद्धिबळात अजिंक्य ठरलेल्या राजकन्येला शंकराने पटावर हरवून वरले. इतिहासातील पहिल्या महिला जगज्जेतीला हरवणे मात्र भल्याभल्यांना जड गेले.

व्हेरा मेंचिक यांचा जन्म १९०६ मध्ये मॉस्कोत झाला. वडील चेक, आई इंग्रज. वयाच्या नवव्या वर्षी वडिलांनी त्यांना हा खेळ शिकवला. रशियन क्रांतीनंतर, १९२१ मध्ये त्या आईसह इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे आल्या. तेथे हंगेरीचे गेझा मारोत्सी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९२७ मध्ये लंडनला झालेली महिलांची पहिली जागतिक स्पर्धा त्यांनी जिंकली आणि ते पद अखेरपर्यंत राखले.

१९२९ मध्ये कार्ल्सबाडच्या स्पर्धेत पुरुषांबरोबर त्यांना प्रवेश मिळाला, तेव्हा आल्बर्ट बेकर यांनी त्यांच्याकडून हरणाऱ्यांचा एक क्लब काढण्याची थट्टा केली. पहिले सभासद बेकरच ठरले! त्या स्पर्धेत व्हेरा शेवटच्या आल्या, हेही नमूद केले पाहिजे. पुढे मात्र भावी जगज्जेते मॅक्स यूवे आणि अविभाजित भारताचे मीर सुलतान खान यांनाही या क्लबात दाखल व्हावे लागले.

जून १९४४ मध्ये लंडनमधील घरावर जर्मन व्ही-१ बॉम्ब कोसळून व्हेरा, बहीण ऑल्गा आणि आई अशा तिघीही मृत्युमुखी पडल्या.

महिला ऑलिंपियाडच्या करंडकाला व्हेरा यांचे नाव आहे. २०२४ मध्ये बुडापेस्टला तो भारताने प्रथमच जिंकला. संघात नागपूरची दिव्या देशमुख होती.