आगकाड्यांस चालावयास लावणारे दादासाहेब फाळके

आमच्या बालवाचकांनी चित्रपटात बोलणारी खेळणी, रुसणाऱ्या मोटारी आणि नाचणाऱ्या किटल्या पाहिल्या असतीलच. निर्जीव वस्तूंत प्राण फुंकण्याचा हा खेळ आपल्या मुलखात फार पूर्वी ज्यांनी मांडला, त्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. परंतु हा खेळ त्यांनी केला होता, हे मात्र थोड्यांसच ठाऊक असते. म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’ काढणाऱ्या दादासाहेब फाळके ह्यांचे चरित्र आम्ही आज जरा निराळ्या बाजूने सांगणार आहोत.

धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित. मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांना अध्यापनाची जागा मिळाल्यावर बिऱ्हाड मुंबईस आले, व १८८५ साली धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यास छायाचित्रांचा धंदा, पुराणवस्तू खात्यात नोकरी, लोणावळ्यास छापखाना. शिवाय जादूचे प्रयोग! असा मनुष्य लोकांच्या लेखी धरसोड्या ठरतो. पण कुंचला, भिंग, रसायने आणि हातचलाखी ह्या चारही विद्या पुढे एकाच कामी यावयाच्या होत्या.

१९१०च्या सुमारास त्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला, आणि आपल्या राम-कृष्णांसही असेच पडद्यावर आणावे, ह्या ध्यासाने त्यांस पछाडले. रोज चित्रपट पाहणे, रात्री जागून प्रयोग करणे असा क्रम चालला. त्यापायी काही काळ त्यांची दृष्टीही गेली. उपचारांनी ती परत आली. तेव्हा विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२च्या आरंभी लंडनला गेले आणि तेथून कॅमेरा विकत घेऊन आले.

आता भांडवल कोण देणार? कॅमेरा दाखवून सावकार थोडाच वश होतो! दादासाहेबांनी मग एक युक्ती योजिली. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला, आणि कॅमेरा तसूभरही न हलविता ठराविक अंतराने एकेक चित्र घेण्याचा क्रम महिन्याहून अधिक काळ चालविला. ती सारी चित्रे ओळीने पडद्यावर धावली तेव्हा बीजास मोड फुटला, पाने उलगडली, वेल वर चढला. आणि हे सर्व मिनिटाभराच्या आसपास! ‘अंकुराची वाढ’ हे त्याचे नाव. निवडक मंडळींनी ते पाहिले आणि कर्जाची वाट मोकळी झाली. सरस्वतीबाईंचे दागिनेही ह्या उद्योगात गेले. ह्या माउलीने अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडण्याचे काम केले, आणि शिवाय साऱ्या कामगारांचा स्वयंपाकही. आमच्या मते ‘राजा हरिश्चंद्रा’च्या श्रेयात त्यांचा वाटा लहान नव्हे. तो चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांपुढे आला.

पुढल्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि पैशाचे झरे आटले. मोठी कथा घेण्याचे बळ नव्हते. तेव्हा दादासाहेबांनी हाती काय घेतले? आगकाड्या! काड्या मांडावयाच्या, एक चित्र घ्यावयाचे; त्या किंचित सरकवावयाच्या, पुन्हा एक चित्र. त्या काळी एका सेकंदास सुमारे १६ चित्रे लागत, म्हणजे मिनिटाच्या खेळास सुमारे ९६०. मध्येच कोणाचा धक्का लागला तर काड्या मोडल्याच! १९१५च्या सुमारास झालेल्या ह्या चित्रपटाचे नाव ‘आगकाड्यांची मौज’. फ्रान्सात एमिल कोल ह्यांनी १९०८ साली काड्यांस असेच नाचविले होते. ‘लक्ष्मीचा गालिचा’मध्ये दादासाहेबांनी नाण्यांवर हाच प्रयोग केला. स्वतःचेच नाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून ते पडद्यावर जादूही करीत.

नंतर ‘लंकादहन’ने १९१७ साली पैसा आणला, व १९१९च्या ‘कालियामर्दना’त त्यांची मुलगी मंदाकिनी श्रीकृष्ण झाली. पुढे बोलपटांचे युग आले. १९३७चे ‘गंगावतरण’ हे त्यांचे अखेरचे चित्र. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकास त्यांचे निधन झाले. ‘राजा हरिश्चंद्रा’चा काही भाग आजही पाहावयास मिळतो. आगकाड्यांचा तो खेळ मात्र आता उपलब्ध नाही.