थडग्यावर नाव नसलेला सैनिक : लिओनार्ड मॅटलोविच

२२ जून हा लिओनार्ड मॅटलोविच यांचा स्मृतिदिन. आपल्या वस्त्यांत, विहारांत हे नाव फारसे कुणाला माहीत नाही. तरीही आम्ही आज त्यांच्याविषयी लिहीत आहोत. माणूस काय करू शकतो हे न पाहता तो कोण आहे एवढ्यावरून त्याला सैन्याच्या दारातून परत पाठवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे. मॅटलोविच यांनी तेच दुसऱ्या देशात, दुसऱ्या कारणासाठी अनुभवले.

त्यांचा जन्म ६ जुलै १९४३ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात सव्हाना येथे झाला. वडील हवाई दलात सार्जंट होते, त्यामुळे बालपण लष्करी तळांवर गेले. घरचे वळण कॅथलिक आणि कडक. आपण समलिंगी आहोत हे त्यांना लवकर कळले होते, पण ते कुणाला सांगण्याची सोय नव्हती. १९६३ मध्ये ते वडिलांच्याच वाटेने हवाई दलात भरती झाले.

व्हिएतनामच्या युद्धात त्यांनी तीन वेळा सेवा बजावली. शौर्यासाठी त्यांना ब्राँझ स्टार मिळाला. दा नांग येथे भूसुरुंगावर पाय पडून ते गंभीर जखमी झाले, तेव्हा पर्पल हार्ट हे पदक मिळाले. सरकारच्या लेखी हा आदर्श सैनिक होता. मात्र त्या काळच्या नियमानुसार समलिंगी व्यक्तीला सैन्यात जागा नव्हती. त्यामुळे छातीवर पदके लावून फिरणारा हा माणूस मनातून रोज पकडले जाण्याच्या भीतीत जगत होता.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते एका वर्गात. अमेरिकी सैन्यात काळ्या आणि गोऱ्या सैनिकांमध्ये तणाव होता. तो कमी व्हावा म्हणून सैनिकांना वंशभेदाविषयी शिकवणारे वर्ग सुरू झाले आणि मॅटलोविच तिथे प्रशिक्षक झाले. दक्षिणेकडील राज्यांत वाढल्यामुळे काळ्या लोकांविषयीचे पूर्वग्रह त्यांच्याही मनात होते, हे त्यांनी स्वतः मान्य केले आहे. शिकवता शिकवता ते गळून पडले. मग एक प्रश्न उरला. माणसाला जन्माने मिळालेल्या गोष्टीवरून हीन ठरवू नका, असे आपण सैनिकांना शिकवतो आणि स्वतःविषयी मात्र गप्प बसतो, हे कसे?

१९७४ मध्ये त्यांनी हवाई दलाच्या एका वृत्तपत्रात फ्रँक कॅमेनी यांची मुलाखत वाचली. कॅमेनी हे खगोलशास्त्रज्ञ. समलिंगी असल्यामुळे त्यांची सरकारी नोकरी गेली होती आणि तेव्हापासून ते या भेदभावाविरुद्ध लढत होते. बंदीला न्यायालयात आव्हान देण्यासाठी सेवेची नोंद पूर्णपणे स्वच्छ असलेला सैनिक त्यांना हवा होता. मॅटलोविच यांनी त्यांच्याशी संपर्क साधला. पुढे काय वाट्याला येईल याची कल्पना असूनही त्यांनी तयारी दाखवली.

६ मार्च १९७५ रोजी व्हर्जिनियातील लँगली तळावर त्यांनी आपल्या वरिष्ठाच्या हाती पत्र दिले. आपण समलिंगी आहोत आणि तरीही सेवा करण्यास पात्र आहोत, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. ते वरिष्ठ अधिकारी काळे होते. या पत्राचा अर्थ काय, असे त्यांनी विचारले. मॅटलोविच यांनी त्यांना ब्राऊन खटल्याची आठवण करून दिली. काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत बसवणे घटनाबाह्य ठरवणारा तो १९५४ चा निकाल. काळ्या अधिकाऱ्याला वेगळे काही समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

घरी त्यांनी आधी आईला सांगितले, वडिलांना सांगण्याचे धैर्य झाले नाही. बातमी पसरल्यावर वडिलांना कळले आणि ते रडले. पण मुलगा हे सोसू शकतो तर आपणही सोसू, असे त्यांनी ठरवले. ८ सप्टेंबर १९७५ च्या टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर गणवेशातील मॅटलोविच यांचे छायाचित्र झळकले आणि देशभर चर्चा सुरू झाली.

त्याच महिन्यात हवाई दलाच्या मंडळापुढे सुनावणी झाली. पुन्हा कधीही समलिंगी संबंध ठेवणार नाही असे लिहून दिले तर सेवेत राहता येईल, अशी वाट त्यांना दाखवण्यात आली. त्यांनी सही केली नाही. बारा वर्षांची निष्कलंक सेवा आणि पदके असूनही ऑक्टोबरमध्ये त्यांना सैन्यातून काढण्यात आले. त्यांनी स्वीकारलेल्या मॉर्मन पंथानेही त्यांना बाहेर काढले.

खटला पाच वर्षे चालला. अपवादात्मक परिस्थितीत समलिंगी सैनिकाला सेवेत ठेवता येईल, अशी तरतूद नियमातच होती. मग ती मॅटलोविच यांना का लागू झाली नाही, हे हवाई दलाला न्यायालयात समजावून सांगता आले नाही. सप्टेंबर १९८० मध्ये न्यायाधीशांनी त्यांना पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश दिला. हवाई दलाने तडजोड म्हणून १ लाख ६० हजार डॉलर देऊ केले. परत गेलो तर दुसरे कारण काढून पुन्हा काढतील आणि सर्वोच्च न्यायालयातही निकाल विरोधात जाईल, असे वाटल्याने त्यांनी ते स्वीकारले. काही साथीदारांना हे रुचले नाही. चळवळीत काम करणाऱ्यांना हा पेच नवा नाही. एकट्या माणसाच्या खांद्यावर सगळ्यांची लढाई किती काळ ठेवायची, याचा विचार आपणही करायला हवा.

१९८६ मध्ये त्यांना एड्स झाल्याचे निदान झाले. तेव्हाही ते घरी बसले नाहीत. एड्सकडे सरकार करत असलेल्या दुर्लक्षाविरुद्ध १९८७ मध्ये व्हाइट हाऊससमोर निदर्शने करताना त्यांना अटक झाली. २२ जून १९८८ रोजी वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वॉशिंग्टनच्या काँग्रेशनल दफनभूमीत त्यांचे थडगे आहे. दगड त्यांनी मरणापूर्वीच उभारून घेतला होता. त्यावर स्वतःचे नाव घातले नाही, कारण तो सर्वच समलिंगी सैनिकांचा असावा अशी त्यांची इच्छा होती. दोन माणसांना मारल्याबद्दल सैन्याने पदक दिले आणि एका माणसावर प्रेम केल्याबद्दल सैन्यातून काढले, अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरलेला आहे. बुद्धाच्या मैत्रीचा विचार मानणाऱ्या माणसाला त्या दगडासमोर थांबावेच लागेल.

भीमा कोरेगावच्या स्तंभावर आपल्या पूर्वजांची नावे कोरलेली आहेत, म्हणून आपण तिथे मानाने मान झुकवतो. पण त्याच पूर्वजांच्या वंशजांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लढाऊ जातींच्या सिद्धांताखाली भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी तो लढा पुढे नेला. बाबासाहेबांच्या प्रयत्नांनंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. इतर सैनिकांना चालणार नाही, शिस्त बिघडेल, ही कारणे आपल्याला ओळखीची आहेत. अमेरिकेत काळ्या सैनिकांविरुद्ध तीच दिली गेली, नंतर समलिंगी सैनिकांविरुद्धही. १९९३ मध्ये तिथे लपून राहिलात तर चालेल असा कायदा झाला आणि त्याखाली १३ हजारांहून अधिक सैनिक काढले गेले. अखेर २० सप्टेंबर २०११ रोजी ती बंदी संपली. त्यामुळे अमेरिकेचे सैन्य मोडून पडले नाही.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. त्या निकालाला बाबासाहेबांच्या संवैधानिक नीतिमत्तेचा आधार आहे. पुढच्याच जानेवारीत तत्कालीन लष्करप्रमुखांनी सैन्यात हे चालणार नाही असे जाहीर केले. सैन्याच्या बाबतीत दार अजून बंदच आहे.

हा आपला प्रश्न नाही, असे म्हणणारे कार्यकर्ते आम्हाला भेटतात. त्यांना आम्ही एवढेच सांगू की १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर समाजस्वास्थ्य मासिकातील लैंगिक प्रश्नोत्तरांवरून खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. त्या प्रश्नोत्तरांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. पंचशीलातले तिसरे शीलही बळजबरी आणि विश्वासघात टाळायला सांगते, प्रेम कुणावर करावे याची यादी देत नाही. आपल्याच वस्तीतला एखादा मुलगा किंवा मुलगी भरतीची तयारी करत असेल, पहाटे मैदानावर धावत असेल आणि मनातले कुणाला सांगू शकत नसेल. तो किंवा ती आपलीच आहे. त्यांच्या बाजूने उभे राहणे हे आपले काम आहे.

लिओनार्ड मॅटलोविच यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जय भीम! नमो बुद्धाय!