एका रात्रीच्या फुलासाठी

पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री गडमुडशिंगीतल्या किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या घरी ब्रह्मकमळ उमलते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावणे जाते. पोरांना झोपेतून उठवून फूल दाखवले जाते. सकाळी ते मान टाकते. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ निराळे. कुंडीतले हे मूळचे मेक्सिकोकडचे निवडुंग. आपण मातीत खोचतो ते त्याचे पान नसून चपटे खोड असते. माती भुसभुशीत हवी, पाणी साचता कामा नये, सकाळचे कोवळे ऊन मिळावे, हिवाळ्यात पाणी कमी करावे. एवढे करूनही पहिल्या कळीसाठी दोन-तीन वर्षे धीर धरावा लागतो.

याच कुळातल्या एका दुर्मिळ फुलासाठी एका बाईंनी वीस वर्षांहून अधिक काळ धीर धरला. त्यांचे नाव मार्गारेट, आडनाव मी. जन्म १९०९ चा, इंग्लंडमधला. १९५२ मध्ये त्या पतीसह ब्राझीलला गेल्या आणि तिथे शाळेत चित्रकला शिकवू लागल्या. १९५६ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्या प्रथम अॅमेझॉनच्या जंगलात शिरल्या. पुढे होडीतून अशा पंधरा सफरी झाल्या. हिवताप आला, कावीळ झाली. पण कुंचला खाली ठेवला नाही.

१९६० च्या दशकात त्यांना रिओ नेग्रो नदीकाठी चंद्रफुलाचे निवडुंग दिसले. पुरात बुडणाऱ्या झाडांच्या बुंध्याला त्याची पानासारखी खोडे बिलगलेली असतात. फूल पांढरे, सुगंधी आणि एकाच रात्रीचे. त्या वेळी मात्र ते उमललेले नव्हते.

मधल्या काळात डोळ्यांदेखत जंगल तुटत गेले, जळत गेले. बाईंनी त्याविरुद्ध उघड आवाज उठवला. मे १९८८ मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्या पुन्हा त्या नदीवर गेल्या. होडीच्या टपावर बसून कळीकडे पाहत राहिल्या. अंधार पडला, पाकळ्या एकेक करून सुटू लागल्या आणि बॅटरीच्या उजेडात त्यांनी चित्र रेखाटले.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला इंग्लंडमध्ये मोटार अपघातात त्या गेल्या.

आपल्या कुंडीतले फूल यंदा हुकले तर पुढच्या पावसाळ्यात पाहता येते. चंद्रफुलाला मात्र नदी हवी, तिचा पूर हवा आणि उभे जंगल हवे. म्हणूनच बाईंच्या चित्रांत फुलामागे अनेकदा जंगलही दिसते.